नवीन मुख्याध्यापिका झाले आहे, शिक्षक मोकळेपणाने बोलत नाहीत. त्यांचा विश्वास कसा मिळवू?

तुम्ही लिहिलंय की मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात पण बोलत कुणीच नाही, आणि तुम्ही स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं की गप्पा थांबतात. मी बरीच वर्षं शिक्षक होतो, नंतर पर्यवेक्षक झालो, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. मॅडम, हे लगेच मनाला लावून घेऊ नका, शिक्षक सध्या तुम्हाला जोखतायत. एखादी अडचणीची गोष्ट तुमच्या कानावर घातली की पुढे तिचं काय होतं, एवढंच त्यांना बघायचंय.

सहल, वाढदिवसाचा केक, 'माझं दार सगळ्यांना उघडं आहे' वगैरे सगळं चांगलंच आहे, पण त्याने फार फरक पडलेला मी बघितला नाही. फरक पडतो पालक तक्रार घेऊन येतात तेव्हा. एकदा मी आमच्या मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बसलो होतो आणि एक पालक गणिताचा पेपर घेऊन तणतणत आत आले, मुलीला मार्क कमी दिलेत, मॅडमना आत्ताच्या आत्ता बोलवा. सरांनी त्यांना बसवलं, पेपर नीट बघितला आणि म्हणाले, "मॅडम वर्गावर आहेत. त्यांच्याशी बोलल्याशिवाय मी काही सांगणार नाही, उद्या मी स्वतः फोन करतो." मग मधल्या सुट्टीत मॅडमना एकटीलाच बोलावलं. खरंच एका प्रश्नाचे मार्क बेरजेत धरायचे राहिले होते. सरांनी ते स्पष्ट दाखवलं, दुरुस्त करून घेतलं, पालकांना फोन करून शाळेची चूक झाली म्हणून मान्यही केलं, पण तो विषय नंतर कुठल्याच मीटिंगमध्ये निघाला नाही. आम्हाला हे सगळं कळलं ते मॅडमनीच स्टाफरूममध्ये सांगितलं म्हणून. त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसऱ्या एक मॅडम आपणहून सरांकडे गेल्या, त्यांचा एक वर्ग हाताबाहेर चालला होता ते सांगायला, आणि तोपर्यंत आम्हाला कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

अजून एक गोष्ट जपा. प्रत्येक शाळेत साहेबांचे कान भरणारं कुणीतरी असतंच, खूप गोड बोलतं, नवीन माणसाला तर ते आपलं वाटतं. त्याच्या एका सांगण्यावरून तुम्ही कुणाला बोललात की तासाभरात सगळ्या स्टाफला कळतं आणि मग पुढची कित्येक महिन्यांची मेहनत पाण्यात. ऐकून घ्या, पण लगेच म्हणा की चला, त्यांना पण बोलावू, समोरासमोर बोलू. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

शिकागोच्या प्राथमिक शाळांवर अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर या संशोधकांनी १९९० च्या दशकात मोठा अभ्यास केला होता. ज्या शाळांत सुरुवातीपासून आपसात विश्वास होता त्यांची गणित आणि वाचनात चांगली सुधारणा होण्याची शक्यता होती दोनात एक, आणि जिथे तो कमी होता तिथे सातात एक. विश्वास कशावर उभा राहतो तर आदर, आपुलकी, सचोटी आणि कामातली क्षमता, असं ते म्हणतात. ही शेवटची आपण विसरतो हो! टाइमटेबल दर आठवड्याला बदलतंय, गैरहजर शिक्षकांच्या जागी घ्यायचे प्रॉक्सी तास ठराविक लोकांच्याच माथी, रजेचा अर्ज टेबलावर पडून, असं असेल तर तुम्ही कितीही प्रेमळ असा, लोक तुमच्यावर विसंबणार नाहीत. हे आधी मार्गी लावा, यात भाषण द्यावं लागत नाही.

वर्ग बघायला जाताना सुरुवातीला तरी सांगून जा, शेरा त्याच दिवशी समोर बसून द्या, आधी कळलं एक आणि लॉगबुकमध्ये लिहिलेलं वेगळंच असं कधीच होऊ देऊ नका. शक्य असेल तर स्वतः एखादा तास घ्या आणि शिक्षकांना मागे बसून बघू द्या, एखादा अवघड वर्गच निवडा.

आणि काही महिन्यांनी तुमच्याकडे अडचणी आधीपेक्षा जास्त यायला लागल्या तर घाबरू नका. एमी एडमंडसन या संशोधिकेने हॉस्पिटलमधल्या नर्सेसच्या टीम्सचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या टीम्समध्ये चुकांची नोंद जास्त निघाली, कारण तिथे लोक चुका लपवत नव्हते. शाळेत पण तसंच असतं. तेव्हा मीटिंगमध्ये कुणी पहिल्यांदा तोंडावर म्हणालं की मॅडम, हे पेपर तपासायचं वेळापत्रक जमत नाहीये, तर तिथल्या तिथे खुलासा करत बसू नका. लिहून घ्या, आणि पुढची मीटिंग त्याच मुद्द्याने सुरू करा, काय बदललं, काय बदलता येणार नाही आणि का.