वाचकांचे प्रश्न : गिटारला पिकअप बसवताना

प्रश्न : माझी मुलगी महाविद्यालयात शिकते आणि गेली चार वर्षे अकूस्टिक गिटार वाजवते. आमच्या वाड्यातील गणेशोत्सवात गेल्या वर्षी भावगीतांचा कार्यक्रम झाला, तेव्हा गिटारसमोर माइक ठेवला होता. आवाज वाढवला की शिट्टी वाजे, कमी केला की तबल्यापुढे गिटार ऐकूच येत नसे. आता तिला साउंडहोलमध्ये, म्हणजे गिटारच्या गोल भोकात, बसणारा हजार-बाराशे रुपयांचा पिकअप (तारांचा कंप विजेच्या रूपात टिपणारे छोटे साधन) हवा आहे. एका मित्राकडून तसा पिकअप उसना आणून लावून पाहिला, तेव्हा दुसरी तार इतर तारांच्या मानाने फारच जोरात वाजली. पिकअप सदोष होता, की स्वस्त पिकअप असेच असतात? गिटार तिच्या आजोबांनी घेऊन दिलेली असल्यामुळे वायरीसाठी तिच्या लाकडाला भोक पाडायचे माझ्या जिवावर येते. काय करावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : पिकअप जरूर घ्यावा आणि भोक मुळीच पाडू नये. दुसऱ्या तारेची जी तक्रार आपण लिहिली आहे, ती उसन्या आणलेल्या पिकअपची खोड असण्यापेक्षा तारांची घडण तशी असल्याचा परिणाम असण्याची शक्यता अधिक आहे. ही गोष्ट आधी समजून घेतली, तर दुकानात चार पिकअप बदलून पाहण्याचा त्रास वाचेल.

साउंडहोलमध्ये बसणाऱ्या या पिकअपच्या आत लोहचुंबक असतो आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांमध्ये अल्पसा विद्युतदाब निर्माण होतो. फॅरडेने 1831 मध्ये दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. याचा अर्थ असा, की या पिकअपला गिटारचे लाकूड जवळजवळ ऐकूच येत नाही. त्याला कळते ते फक्त तारेतील पोलाद. अकूस्टिक गिटारच्या जाड तारांना बाहेरून ब्रॉन्झचे वेष्टण असते आणि ब्रॉन्झ चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे त्या तारांचा केवळ आतला पोलादी गाभा पिकअपच्या लेखी जमेस धरला जातो. नेहमीच्या लाइट, म्हणजे बारीक तारांच्या, संचातील तिसरी तार सुमारे 0.61 मिलिमीटर जाड असते, पण तिचा गाभा दुसऱ्या तारेपेक्षाही बारीक असतो. दुसरी तार 0.41 मिलिमीटरची आणि सबंध पोलादाची. आपल्या कानाला तिसरी तार भारदस्त वाटते, चुंबकाला दुसरी.

यावर पहिला उपाय म्हणजे उंची जुळवणे. तो फुकटात होतो आणि बहुतेक जण नेमका तोच करत नाहीत. चुंबकाचा प्रभाव अंतर वाढताच झपाट्याने उतरतो, त्यामुळे मिलिमीटरभराच्या फरकानेही आवाजात मोठा पालट होतो. सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार शेवटच्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरील धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबून धरावी आणि त्या स्थितीत तार व पिकअप यांच्यामध्ये साधारण तीन मिलिमीटर अंतर ठेवावे. पहिल्या-दुसऱ्या तारेच्या बाजूला मात्र ते चार-साडेचार मिलिमीटर करावे, म्हणजे पिकअप किंचित तिरका बसेल. माप घेण्यासाठी नाणी वापरू नयेत, कारण आपली रुपयाची नाणी पोलादी असल्यामुळे पिकअपला चिकटून बसतात. मुदत संपलेल्या एटीएम कार्डाचे चौकोनी तुकडे करावेत. एक तुकडा 0.76 मिलिमीटर जाडीचा असतो, तेव्हा चार तुकडे एकावर एक ठेवले की तीन मिलिमीटर भरतात आणि सहा ठेवले की साडेचार. (चालू असलेले कार्ड या कामाला घेऊ नये, त्यावरची काळी चुंबकी पट्टी बिघडू शकते.)

पिकअपवर प्रत्येक तारेखाली छोटा स्क्रू दिसत असेल, तर दुसऱ्या तारेखालचा स्क्रू दोन-तीन फेरे खाली घ्यावा. बरेचसे काम तेवढ्यानेच होते. सारख्याच किमतीच्या दोन पिकअपांमध्ये निवड करायची झाली, तर माझ्या मते लाकडी आवरणाच्या देखणेपणापेक्षा या सहा स्क्रूंना अधिक मोल द्यावे. स्क्रू नसतील, तर तिरकेपणा थोडा वाढवावा आणि उरलेला फरक उजव्या हाताने सांभाळावा. दुकानदार कदाचित निकेलच्या, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या, तारा लावण्याचा सल्ला देतील. त्या तारांचे वेष्टणही चुंबकाला दाद देणारे असल्यामुळे सल्ल्यात तथ्य आहे. पण अशा बहुतेक संचांत तिसरी तारही बिनवेष्टणाची असते, त्यामुळे दुसरीचे दुखणे तिसरीला जडते, आणि घरी पिकअपशिवाय वाजवताना गिटारचा आवाज बारीक होतो तो वेगळाच. रोज दिवाणखान्यात आणि वर्षातून तीन-चार वेळा मांडवात वाजणाऱ्या गिटारला ब्रॉन्झच्याच तारा असू द्याव्यात.

आता बसवण्याविषयी. विकत घेण्यापूर्वी साउंडहोलचा व्यास मोजून जावे. पूर्ण आकाराच्या गिटारचे साउंडहोल साधारण 100 मिलिमीटरचे असते, लहान आकाराच्या गिटारचे त्याहून कमी, आणि काही पिकअप तिथे अडतात. गिटारच्या मानेतील सळईचा, म्हणजे ट्रस रॉडचा, नट साउंडहोलच्या आतून फिरवावा लागत असेल, तर पिकअप बसल्यावर तिथे चावी पोचणार नाही, हेही लक्षात ठेवावे. तारा दोन-तीन फेरे सैल करून पिकअप बाजूने आत सरकवावा. दोन्ही टोकांच्या पकडींना आतून बूच किंवा फेल्ट लावलेले असते. ते नसल्यास जुन्या फेल्टचा तुकडा कापून चिकटवावा. स्क्रू बोटांच्या जोराने, पिकअप हलेनासा होईपर्यंतच आवळावेत. गिटारची वरची फळी त्या ठिकाणी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असते. मी पहिल्यांदा पिकअप बसवला, तेव्हा उत्साहाच्या भरात स्क्रूड्रायव्हरने आवळला आणि साउंडहोलच्या कडेला नखाएवढा टवका उडवला. ती गिटार अजून माझ्याकडे आहे, आणि टवकाही.

उंची जुळवण्याचे काम मे महिन्यात उरकून ठेवू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड सुकते आणि श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत फुगते. वरची फळी किंचित वर आली की ब्रिज (फळीवरची तारा अडकवण्याची पट्टी) आणि तारा उचलल्या जातात आणि पिकअपचे अंतर बदलते. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी कार्डाचे तुकडे पुन्हा एकदा सरकवून पाहावेत. कार्यक्रम झाला की पिकअप काढून ठेवावा, कारण त्याच्या वजनाने आणि भोकाचा बराच भाग झाकला गेल्याने घरच्या वाजवण्यात गिटारचा आवाज थोडा दबतो.

भोक पाडण्याचा प्रश्न वायरमुळे येतो. गिटारच्या तळाशी, पट्टा अडकवण्याच्या बटणाच्या जागी, सुमारे 12 मिलिमीटरचे भोक पाडून तिथे जॅक, म्हणजे वायर खोचण्याची खाच, बसवतात. काम नीटनेटके दिसते, पण आतला लाकडी ठोकळा चिरला किंवा ड्रिल बाहेरच्या पॉलिशवरून घसरले, तर ते नुकसान भरून निघत नाही. आपल्याला त्याची गरजही नाही. पिकअपची वायर साउंडहोलमधून पहिल्या तारेच्या बाजूने बाहेर काढावी आणि तळाच्या बटणाला एक सैल वेढा देऊन मग पुढे न्यावी. कोणाचा पाय अडकला, तर झटका बटणाला बसेल, पिकअपला नाही. पिकअपला जोडलेली मूळ वायर हा स्वस्त पिकअपचा खरा दुबळा भाग असतो, तेव्हा तिला जितका कमी ताण पडेल तितके बरे.

मांडवात गेल्यावर बहुतेक ठिकाणी ध्वनिव्यवस्थापक ती वायर मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटमध्ये खोचतात आणि मग पिकअप ‘मेलेला’ वाटतो: आवाज लहान आणि बोथट. बॅटरी नसलेल्या पिकअपला उच्च रोधाचे, साधारण एक मेगओहमचे, इनपुट लागते आणि लाइन इनपुटचा रोध बहुधा दहा किलोओहमच्या घरात असतो. मिक्सरवर ‘हाय-झी’ किंवा गिटारचे चित्र असलेले बटण असेल तर ते दाबावे, नसेल तर मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे पिकअपचा आवाज मिक्सरला मानवेल असा करून देणारी छोटी पेटी, लावावा. हा बॉक्स ध्वनिव्यवस्थापकांकडे बहुधा असतो. आधी फोन करून आणायला सांगितले नाही, तर तो गोदामातच राहतो. गिटारपासून बॉक्सपर्यंतची वायर पाच-सहा मीटरपेक्षा लांब नसावी, कारण लांब वायरीत वरचे सूर मंदावतात. पिकअपवर आपण बाराशे रुपयेच खर्च करणार असाल, तर उरलेले पैसे चांगल्या वायरीवर घालावेत, असे मी सांगेन.

शिट्टीचे म्हणाल, तर ती पुष्कळ कमी होईल. पूर्ण जाईल असे नाही. स्पीकरच्या आवाजाने गिटारचे पोट थरथरते, पोटाबरोबर तारा थरथरतात आणि पिकअप ते पुन्हा स्पीकरला कळवतो. पोटातल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो, बहुतेक मोठ्या गिटारींत 100 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटजवळचा. तो सूर वाजवताना घुमारा उठत असेल, तर मिक्सरवर तेवढ्याच वारंवारितेचा पट्टा उतरवावा, सगळा खर्ज नव्हे. मुलीला स्पीकरच्या तोंडासमोर बसवू नये. तिला दोन हात मागे आणि बाजूला घ्यावे. आणि पहिल्या तालमीत तिला हा आवाज थोडा परका वाटेल, कारण आजोबांच्या गिटारचे लाकूड त्यात फारसे ऐकू येणार नाही. ते हवे असेल, तर पिकअपच्या जोडीला समोर एक माइक अगदी कमी आवाजावर ठेवता येतो.

प्रश्न : मी असा पिकअप वर्षभर वापरतो आहे. घरी आवाज स्वच्छ येतो, पण नवरात्रात सोसायटीच्या मैदानावर वाजवताना सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज येत राहतो. तारा हाताने दाबल्या तरी तो थांबत नाही.
— एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : आपला पिकअप बहुधा तांब्याच्या तारेच्या एकाच वेटोळ्याचा आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे आणि दिव्यांचे ट्रान्सफॉर्मर, डिमर, मंचाखालून गेलेल्या वायरी हे सगळे त्या वारंवारितेचे आणि तिच्या पटीतले चुंबकीय क्षेत्र आसपास पसरवत असतात. पिकअप तारेचा कंप आणि हे क्षेत्र यांत भेद करत नाही. बसल्या जागी गिटार हळूहळू वळवून पाहावी. एका विशिष्ट दिशेला तो आवाज बराच खाली जातो. ती दिशा सापडली की खुर्ची तशी ठेवावी, मग प्रेक्षकांकडे थोडी पाठ झाली तरी चालेल. गिटारची वायर विजेच्या वायरीला समांतर नेऊ नये, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी.

कायमचा उपाय म्हणजे दुहेरी वेटोळ्याचा, हम्बकर पद्धतीचा पिकअप. त्यात दोन वेटोळी उलटसुलट गुंडाळलेली असतात आणि त्यांचे चुंबकही उलट बसवलेले असतात, त्यामुळे बाहेरून आलेला गोंगाट एकमेकांत रद्द होतो आणि तारेचा आवाज मात्र जोडला जातो. गिब्सन या गिटार कंपनीतील सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आता ती स्वस्त पिकअपांतही मिळते. खोक्यावर नुसते लिहिलेले असून भागत नाही. दुकानात पिकअप अॅम्पला, म्हणजे ध्वनिवर्धकाला, जोडून चार्जरच्या किंवा अॅम्पच्याच ट्रान्सफॉर्मरच्या जवळ न्यावा आणि कानांनी खात्री करावी.

एक मात्र निक्षून सांगतो. जॅकच्या धातूला किंवा माइकला हात लागताच मुंग्या आल्यासारखे झाले, तर तो गुंजारवाचा नव्हे, अर्थिंगचा प्रश्न आहे. त्या क्षणी वाजवणे थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

प्रश्न : माझ्या गिटारला नायलॉनच्या तारा आहेत. हाच पिकअप चालेल का?
— एक वाचक, अलकापुरी, बडोदे

उत्तर : चालणार नाही. नायलॉनमध्ये पोलाद नाही, आणि आपल्या चौथ्या, पाचव्या व सहाव्या तारेवरचे चकाकते वेष्टणही चुंबकी नाही, त्यामुळे पिकअप मुका राहील. आपल्याला पिझो चकती लागेल. स्फटिकावर दाब पडला की वीज निर्माण होते, हा गुणधर्म क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवला होता. ही चकती त्याच तत्त्वावर लाकडाचा कंप टिपते. ती पिकअपहून स्वस्त मिळते. ब्रिजच्या जवळ, आधी बाहेरून, निघणाऱ्या चिकटपट्टीने लावून दोन-तीन जागा ऐकून पाहाव्यात. पहिल्या तारेच्या बाजूला आवाज टोकदार येतो, सहावीच्या बाजूला गोल. या चकतीला प्रीअॅम्प (आवाज आधीच वाढवून देणारे छोटे साधन) जवळजवळ अनिवार्य आहे, आणि फळीवर बोट आपटले तरी ते स्पीकरवर ऐकू येते, तेव्हा शर्टाची बटणे आणि अंगठ्या सांभाळाव्यात.