ड्रिल मशीन वापरताना कोणते हातमोजे घ्यावेत? आणि खिडकीच्या वर भोक का पडत नाही?

कोणतेच घेऊ नका.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगून टाकतो. पडद्याचा रॉड लावायला खिडकीच्या डोक्यावर ड्रिल मारताय ना? तिथे लिंटल असतो, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, काँक्रीटची, आत सळया. विटेत सरसर जाणारं बिट तिथे नुसतं किंचाळतं. बटण हातोडीच्या चित्रावर आहे का, बिट कार्बाइड टिपचं, म्हणजे टोकाला कठीण तुकडा बसवलेलं, आहे का, आणि मशीन उलटं तर फिरत नाही ना, एवढं बघा. हसू नका, रिव्हर्सवर मशीन ठेवून अर्धा तास भिंतीशी झुंजणारे मी पाहिलेत. अंगाचा जोर लावून काही होत नाही. मधूनमधून बिट फिरतं ठेवूनच मागे ओढा, भुगा बाहेर येऊ द्या. भुग्यात लोखंडाचा चुरा चमकला तर सळई लागली, इंचभर सरका. तरीही नाही गेलं तर रोटरी हॅमर, म्हणजे काँक्रीटसाठीचं जोरात ठोकणारं ड्रिल, एक दिवस भाड्याने आणा, नाहीतर रॉड लिंटलच्या वर घ्या. लिंटल साधारण सहा इंचांचा असतो.

आता हातमोजे.

मी नाशिकचा, सातपूरच्या आयटीआयचा फिटर, नंतर एकतीस वर्षं अंबडला टूलरूममध्ये. आयटीआयमध्ये पहिल्याच आठवड्यात सरांनी ड्रिलिंग मशीनसमोर उभं करून हातातली अंगठी, मनगटावरचा दोरा, सगळं काढायला लावलं होतं. फिरत्या बिटजवळ हातमोजा नको हे तेव्हाच डोक्यात बसलं. आमच्या साडूंना हे अजून पटलेलं नाही.

साडू ठाण्याचे, ऑफिसात बसणारे. कंपनीत एकदा सुरक्षिततेचं शिबिर झालं तेव्हापासून ते सगळ्यांना शिकवतात. २०११ ला रंगपंचमीला सहकुटुंब आमच्याकडे सिडकोत आले होते. ठाण्याला धुळवडीलाच रंग खेळून झालेला असतो, आमच्याकडे खरी मजा पंचमीला. सकाळी जुन्या नाशकात रहाड, म्हणजे रंगाचा जुना हौद, बघून आलो. दुपारी मी अंघोळीला गेलो आणि साडूंना हुक्की आली. गॅलरीत झोपाळ्यासाठी अँगल, म्हणजे काटकोनात वळलेली लोखंडी पट्टी, आणून ठेवला होता, त्याला १० मिलिमीटरची भोकं पाडायची होती. मशीन मीच त्यांच्या हातात दिलं होतं, 'बघा हो जमतंय का' म्हणून. त्यांनी बॅगेतून पांढरे सुती हातमोजे काढले, तळव्याला रबराचे ठिपके असलेले, शिबिरात मिळालेले.

लोखंडात १० चं बिट आठशे-नऊशे आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांच्या, वर न्यायचं नसतं. आधी सेंटर पंच ठोकून खूण, मग ४ चं बिट, मग १० चं, वर तेलाचे दोन थेंब. साडूंनी थेट १० चं लावलं, ट्रिगर पूर्ण दाबला आणि वर लॉकचं बटणही दाबून ठेवलं, म्हणजे बोट दुखायला नको. उजव्या हातात मशीन, डाव्या हातात अँगल. आवाज मला बाथरूममध्ये ऐकू येत होता आणि आवाजावरूनच कळत होतं की बिट जळतंय.

भोक आरपार जायच्या शेवटच्या क्षणी बिट कडेला अडकतं. कोणतंही बिट, कोणाच्याही हातात. तसं ते अडकलं, अँगल गरकन फिरला आणि डाव्या हाताचा मोजा बिटमध्ये गेला. ते मशीन मोकळं २८०० आरपीएमचं. लोडवर निम्म्यावर आलं असं धरा, तरी सेकंदाला वीसेक फेरे. सुती धागा तुटत नाही, गुंडाळत जातो आणि हाताला सोबत नेतो. साडूंनी ट्रिगर सोडला, पण लॉक होता. आमची ही रंगाच्याच हाताने धावली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. त्या बटणावर गुलाबी डाग अजून आहे.

तर्जनीचं हाड मोडलं. डॉक्टर प्लास्टर घालताना सहज म्हणाले, 'मोजा होता म्हणून कातडी बरी राहिली.' झालं! तेव्हापासून दिवाळी असो, बारसं असो, साडू ते बोट वर करून सांगतात, 'मोजे होते म्हणून वाचलो.' सगळे माना डोलावतात. अहो, मोजा नसता तर बोट बिटला घासून सुटलं असतं, चार टाक्यांवर भागलं असतं. हाड कातडीने मोडलं का? हे मी किती वेळा सांगितलं. मेव्हणी म्हणते, डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का. ड्रिलमधलं? हो, कळतं.

छिन्नी लावून तोडफोड करायची असेल तर खुशाल घाला, तिथे बिट फिरत नाही, नुसतं ठोकतं. गरम बिट बदलताना, भोकाच्या कडेची धार साफ करतानाही घाला, पण प्लग काढून. चष्मा मात्र नेहमी, विशेषतः डोक्याच्या वर मारताना.

आणि एक गोष्ट घरात कोणाला सांगितलेली नाही. त्या मशीनला बाजूचं हँडल होतं, डाव्या हाताने धरायचं. खोक्यात मावत नाही म्हणून मी ते काढून कपाटात टाकलं होतं. ते असतं तर साडूंचा डावा हात हँडलवर असता, अँगल धरायला हात उरलाच नसता, आणि झक मारत क्लॅम्प शोधावा लागला असता.

तुमच्याही खोक्यात तळाला असेल बघा ते. आधी लावा.