सायकलच्या हबसाठी पातळ पाना लेझर कटिंगने घरच्या घरी डिझाइन करून बनवता येईल का?

हो, बनतो की. नेहमीचा 15 मिमीचा पाना जाड असतो, हबच्या कोनवर (एक्सलवरचा, छर्रे दाबून धरणारा नट) सपाट जागा जेमतेम दोन-तीन मिलीमीटर, त्यामुळे तो बाहेरच्या लॉकनटला (कोन जागेवर पक्का धरणारा नट) अडतो आणि कोन हलतच नाही. मी याच कामासाठी 2 मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील, साधं स्टील) पत्र्यातून कापून घेतलाय आणि त्यानेच हब सेट करतो.

आधी व्हर्नियर कॅलिपरने कोनच्या सपाट बाजूंमधलं अंतर मोजा, दोन-तीनदा मोजा, वर 15 लिहिलेलं असलं तरी माझ्याकडे 14.9 भरलं होतं. त्यात 0.1 ते 0.15 मिमी मोकळीक धरायची, तेवढं तोंड ठेवायचं. तोंडाच्या आतले कोपरे काटकोनात सोडू नका, छोटी गोलाई द्या, नाहीतर जोर सगळा त्या टोकावर येतो. दोन्ही बाजूंचे जबडे मात्र रुंद ठेवा, निदान 9-10 मिमी, कारण पत्रा पातळ आहे आणि जबडे बारीक असले तर जोर लावल्यावर तोंड फाकतं. तोंड दांडीच्या रेषेत सरळ न ठेवता 15 अंश तिरकं काढा, मग पाना उलटा करून लावला की दांडी 30 अंश सरकते आणि लॉकनट धरलेल्या दुसऱ्या पान्याला अडत नाही. दांडी 15-16 सेंटीमीटर पुरे, उगाच लांब केली तर गरजेपेक्षा जास्त जोर लागतो आणि छर्रे आवळले जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कर्फ, म्हणजे लेझर जेवढं मटेरियल जाळून टाकतो ती रुंदी. पातळ पत्र्यात ती साधारण 0.1 ते 0.2 मिमी असते. बहुतेक कटिंगवाले सॉफ्टवेअरमध्येच ती भरून काढतात, पण मला ते माहीत नव्हतं म्हणून मी ड्रॉइंगमध्येच तोंड 0.2 ने लहान काढलं, त्यांनीही त्यांच्या बाजूने भरपाई केली आणि पाना कोनवर बसेचना! कानस घेऊन अर्धा तास घासावं लागलं, तेव्हा कुठे बसला. म्हणून फाईल देतानाच विचारा, कर्फ तुम्ही धरता का मी धरू, आणि दोघांपैकी एकानेच धरा. अगदीच शंका असेल तर तोंड थोडं लहान ठेवा, घासून मोठं करता येतं, मोठं झालेलं लहान करता येत नाही.

डीएक्सएफ फाईल (कटिंगसाठीचं ड्रॉइंग) देताना युनिट मिलीमीटर आहे हे लिहून द्या, इंच समजले तर सगळं 25.4 पट होतं. रेषा एकावर एक दोनदा आलेली नसावी आणि आकार पूर्ण बंद असावा. लेझर जिथून कट सुरू करतो तिथे बारीकसा खड्डा राहतो, तो दांडीच्या बाहेरच्या कडेला घ्या म्हणून सांगा, तोंडात नको.

स्टील कापायच्या आधी डिझाइन एकास एक प्रिंट करून पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा आणि हबवर लावून बघा, दांडी कुठे अडते ते लगेच कळतं (माझी पहिली दांडी स्पोकला लागत होती). आणि हो, घरगुती छोट्या सीओटू लेझरने असा स्टीलचा पत्रा कापत नाही, त्याला फायबर लेझर लागतो, पण त्या छोट्या मशीनवर 3 मिमी प्लायचा नमुना छान निघतो.

कापून आला की खालच्या बाजूला बर (कडेला राहिलेली धातूची खरखरीत धार) असतो, तो कानशीने काढा, मग सगळ्या कडा पॉलिश पेपरने मारा, 2 मिमीची कड हाताला खूप रुतते, मी दांडीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलीय. एमएस असल्यामुळे तेलाचा हात फिरवून ठेवा, नाहीतर गंज चढतो.