कृष्णविवर राहू दे, भरती सांग

प्रश्न: ताई, मी लातूरला एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. खगोलभौतिकीत पीएच.डी. करायची आहे, पण आमच्या कॉलेजात हा विषय नाही, दुर्बीणही नाही. पुण्या-बंगळुरूच्या मुलांपुढे माझा अर्ज कोण वाचणार? घरचे तर विचारतात, तारे बघून पोट भरतं का?
– एक वाचक, लातूर

उत्तर: आधी पोटाचं. जेआरएफची, म्हणजे पीएच.डी. करताना मिळणाऱ्या संशोधनवृत्तीची, रक्कम २०२३ पासून महिना ३७ हजार आहे आणि दोन वर्षांनी ती ४२ हजार होते. एवढं घरी सांग.

दुर्बिणीचं मनावर घेऊ नकोस. माझी पीएच.डी. रेडिओ खगोलशास्त्रात झाली. पुण्याजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश आहेत, एकेक ४५ मीटर व्यासाची, आणि त्यातल्या एकीलाही डोळा लावता येत नाही. सगळं काम संगणकावर.

विषय नसण्याचं तर त्याहून नको. पीएच.डी.च्या जेस्ट या प्रवेशपरीक्षेचा पेपर सरळ भौतिकशास्त्राचा असतो: यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, क्वांटम, सांख्यिकीय भौतिकी. मुलाखतीतही तेच, आणि माझी फजिती तिथेच झाली. कृष्णविवरांवरची तीन पुस्तकं पालथी घालून गेले होते. समोरच्या सरांनी विचारलं, 'गाव कुठलं?' म्हटलं, मालवण. 'मग कृष्णविवर राहू दे. भरतीत चंद्राचा वाटा जास्त की सूर्याचा? आणि किती पट?' उधाणाची मोठी आणि भांगाची छोटी भरती लहानपणापासून बघितलेली, पण फळ्यासमोर माझी बोबडी वळली. 'चंद्र जवळ आहे' एवढंच म्हणाले. त्या वर्षी माझं नाव यादीत नव्हतं.

परतीच्या एसटीत गणित सुटलं. भरतीचं बल म्हणजे वस्तुमान भागिले अंतराचा घन. चंद्र-सूर्य दोघंही आकाशात अर्ध्या अंशाएवढेच दिसतात, म्हणजे त्रिज्या आणि अंतराचं गुणोत्तर दोघांचं जवळपास एकच. वस्तुमान म्हणजे घनता गुणिले त्रिज्येचा घन, मग फरक उरतो तो घनतेचा! चंद्र पाण्याच्या ३.३ पट, सूर्य १.४ पट. म्हणून चंद्राची भरती दुपटीहून थोडी जास्त. यातलं काहीच पाठ करायचं नव्हतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या संस्थेत अडले तेव्हा गप्प न बसता मोठ्याने विचार करत गेले, चुकलेसुद्धा, आणि घेतलं त्यांनी.

परीक्षा कुठल्या द्यायच्या? जेस्ट आणि गेट द्यायच्याच. मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि पुण्याची आयुका ही खगोलभौतिकीची संस्था यांच्या प्रवेशपरीक्षा वेगळ्या. तारखा दरवर्षी संस्थांच्या संकेतस्थळावर बघ, सीनियरच्या ऐकीव माहितीवर राहू नकोस. परदेशात जायचं तर अमेरिकेतले अर्ज बहुतेक डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, फी डॉलरमध्ये असते. ती माफ होईल का, हे मेल करून विचारायला लाजू नये. पीएच.डी.साठी स्वतः पैसे भरा म्हणणाऱ्या जागेच्या वाटेला मात्र जाऊ नकोस.

अर्जासोबतच्या उद्देशपत्राचा माझा पहिला खर्डा 'मालवणच्या किनाऱ्यावरून तारे बघताना' असा सुरू होत होता. आमच्या मॅडमनी लाल पेनाने तो परिच्छेद खोडला आणि शेजारी लिहिलं, 'मग पुढे काय केलंस?' सगळ्यांनीच लहानपणी तारे बघितलेले असतात गं. कुठला डेटा हाताळलास, कुठे अडलीस, ते लिही.

आणि शिफारसपत्रं. 'विद्यार्थिनी हुशार व शिस्तप्रिय आहे' हे विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र काही कामाचं नाही. तुला चुकताना आणि चूक दुरुस्त करताना ज्यांनी पाहिलंय, त्यांचं पत्र हवं. त्यासाठी आयुकाचा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम किंवा एनसीआरए (जीएमआरटी चालवणारी पुण्याची संस्था) आणि आयुकाची रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा यांना अर्ज कर. दोन्हीकडे नाही जमलं, तर जीएमआरटीची निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात. त्यातलं एखादं घेऊन तुमच्याच सरांच्या हाताखाली प्रोजेक्ट कर. त्यांना रेडिओ खगोलशास्त्र येत नसलं तरी चालेल, आठवड्यातून एकदा तुझं काम बघायला ते तयार आहेत का, तेवढं आधी विचारून घे.