रिचार्ज महागतो तेव्हा ट्राय काय करतं?

दरवाढ झाली की या सदराच्या पत्रपेटीत जिओविषयीचे प्रश्न वाढतात. देशातली सर्वांत मोठी मोबाइल कंपनी म्हटल्यावर ते होणारच. नफा, देणी, ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) आणि अठ्ठावीस दिवसांचा ‘महिना’ या विषयांवरचे काही प्रश्न निवडून उत्तरं देतो आहे.

जिओने सुरुवातीला सहा-सात महिने सगळं फुकट वाटलं. आता हजारो कोटींचा नफा सांगतात. मला तरी ताळेबंदात पाणी मिसळलेलं वाटतं. (दुकानदार, इचलकरंजी)

विक्री फुगवून दाखवली असेल, ही शंका आधी बाजूला काढू. दूरसंचार कंपनीला एजीआरवर, म्हणजे समायोजित सकल महसुलावर, ८ टक्के परवाना शुल्क सरकारला भरावं लागतं. खोटी विक्री दाखवली तर तिच्यावर खरं शुल्क भरावं लागेल. या धंद्यात मोह असतो तो उलटा, महसूल कमी दाखवण्याचा. म्हणून तर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी दूरसंचार कंपन्यांच्या महसुलाच्या वह्या कॅगला, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांना, तपासायला मोकळ्या केल्या.

शंका घ्यायचीच तर खर्चाच्या बाजूने घ्या. सेवा ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली, ३१ मार्च २०१७ पर्यंत फुकट चालली, आणि ऑक्टोबर-डिसेंबर २०१७ च्या तिमाहीत ५०४ कोटींचा नफा जाहीर झाला. दीड लाख कोटी ओतलेली कंपनी सव्वा वर्षात नफ्यात! यातली एक मेख घसाऱ्यात होती. यंत्रसामग्रीची किंमत साधारणपणे दरवर्षी सारख्या हप्त्याने वजा करतात. जिओचं धोरण असं, की मोबाइल जाळ्याचा वापर ज्या प्रमाणात होईल अशी अपेक्षा आहे, त्या प्रमाणात घसारा लावायचा. सुरुवातीला वापर कमी, म्हणून घसारा कमी, म्हणून नफा लवकर. हे लेखामानकांत बसतं, लेखापरीक्षकांना मान्य आहे, वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये छापलेलंही आहे. फक्त नफ्याची बातमी वाचणारा त्या टिपांपर्यंत जात नाही.

दुसरी गोष्ट देण्यांची. ऑक्टोबर २०१९ मध्ये जिओची सुमारे १ लाख ८ हजार कोटींची देणी मूळ कंपनी रिलायन्स इंडस्ट्रीजकडे वळवण्याची योजना जाहीर झाली. टॉवर आणि फायबर त्याआधीच वेगळ्या ट्रस्टांकडे गेले होते. धाकट्याचं कर्ज वडिलांनी स्वतःच्या नावावर घेतलं की धाकट्याची वही कोरी दिसते, पण घरावरचा बोजा तेवढाच राहतो. तो बोजा हलका व्हायला २०२० साल उजाडलं. त्या वर्षी जिओ प्लॅटफॉर्म्सचा, म्हणजे जिओच्या पालक कंपनीचा, जवळपास ३३ टक्के हिस्सा सुमारे १ लाख ५२ हजार कोटींना विकला गेला, त्यात एकट्या फेसबुकचे ४३,५७४ कोटी. तेव्हा माझं मत असं: आकडे खोटे नाहीत, मांडणी हुशार आहे. जिओची वही एकटी वाचू नका, रिलायन्सची शेजारी ठेवा.

सप्टेंबर २०२४ मध्ये जिओचे जवळपास ८० लाख ग्राहक कमी झाल्याचं वाचलं. तरी उत्पन्न वाढलं. हे कसं? (नाशिक)

गेले ते बहुतेक फोनच्या दुसऱ्या सिमखाचेतले, क्वचित रिचार्ज होणारे नंबर. दर वाढल्यावर लोक आधी तेच बंद करतात. जे उरले त्यांनी जास्त पैसे मोजले: दर ग्राहकामागचं मासिक उत्पन्न एका तिमाहीत १८१.७ वरून १९५.१ रुपयांवर गेलं. ट्रायच्या मासिक अहवालात एकूण ग्राहकांबरोबर सक्रिय ग्राहकांचाही आकडा असतो. तो पाहत जा, पहिला आकडा फार भाबडा आहे.

जुलै २०२४ मध्ये तिन्ही कंपन्यांनी एकदमच दर वाढवले. हे संगनमत नाही तर काय? ट्राय झोपलं होतं का? (विद्यार्थिनी, पुणे)

झोपलेलं नव्हतं. त्याने डोळे मिटून घ्यायचं धोरणच स्वीकारलेलं आहे. त्याला ‘फोरबेअरन्स’ म्हणतात: मोबाइलचे दर कंपनीने ठरवायचे आणि लागू केल्यावर सात कामकाजी दिवसांत ट्रायला कळवायचे. एअरसेल, टाटा डोकोमो, युनिनॉर, आरकॉम, व्हिडिओकॉन असे दहा-बारा जण बाजारात भांडत होते तेव्हा हे धोरण शहाणपणाचं होतं. एकाने दर वाढवले की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जायचं. आता तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल एवढेच उरले आहेत. २७ जून २०२४ ला जिओने १२ ते २५ टक्के वाढ जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी एअरटेलने ११ ते २१ टक्के, आणि लगोलग व्होडाफोन आयडियाने ११ ते २४ टक्के.

पण कायद्याच्या भाषेत संगनमत म्हणजे आपसांतला करार, आणि तो सिद्ध करावा लागतो. मोठ्याने दर वाढवले म्हणून बाकीच्यांनी वाढवले, एवढ्यावर खटला उभा राहत नाही.

त्याची उलट बाजू पाहा. जिओच्या फुकट काळात एअरटेलने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती, की हे दर आम्हाला मारण्यासाठी आहेत. २०१७ मध्ये आयोगाने ती फेटाळली: कंपनी नवी आहे, बाजारात तिचं वर्चस्व नाही. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये ट्रायने मारक दरांचा स्वतःचा नियम आणला, बाजारातला ३० टक्के हिस्सा म्हणजे वर्चस्व असं ठरवलं. त्यातल्या मुख्य तरतुदी त्याच डिसेंबरमध्ये टीडीसॅट या न्यायाधिकरणाने रद्द केल्या. म्हणजे दर पाडले तेव्हा कंपनी लहान होती म्हणून हात लावता आला नाही, आणि मोठी झाल्यावर दर चढवले तर ते ठरवायला ती मोकळीच आहे. तुमचा राग रास्त आहे, फक्त तो ट्रायच्या या धोरणावर काढा. ३० टक्क्यांहून अधिक वाटा असलेल्या कंपनीने दरवाढीआधी खर्चाचा हिशेब ट्रायपुढे मांडावा, एवढी अट तरी हवी, असं मला वाटतं.

पेन्शन महिन्याला येते, रिचार्ज अठ्ठावीस दिवसांनी संपतो. मला इंटरनेट नकोच आहे. काही उपाय? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

बाई, अठ्ठावीस दिवसांनी म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. जिओचा दिवसाला दीड जीबीचा पॅक २०२४ मध्ये २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. तेरा वेळा भरला तर ३,८८७ रुपये. तेरावा रिचार्ज ही सगळी कमाई गुपचूप झालेली, दरवाढीच्या बातमीत न येणारी. २०२२ पासून ट्रायच्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीला निदान एक पॅक पूर्ण तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येणारा ठेवावा लागतो. अॅपमध्ये तो पहिल्या पानावर दिसायची अपेक्षा ठेवू नका.

तुमच्यासाठी मात्र डिसेंबर २०२४ चा आदेश कामाचा आहे: फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक द्यायलाच हवा. जिओने आधी तो ८४ दिवसांसाठी ४५८ आणि वर्षासाठी १,९५८ रुपयांना आणला, मग काही दिवसांतच ८४ दिवसांचा ४४८ वर उतरवला आणि वर्षाच्या जागी ३३६ दिवसांचा १,७४८ ला ठेवला. भरण्याआधी चालू दर तपासा आणि दुकानदाराला ‘नेट नको’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो सवयीने दुसराच मारून देतो.

व्होडाफोन आयडियात सरकारच भागीदार. मग पंच कोण, खेळाडू कोण? (ठाणे)

एप्रिल २०२५ मध्ये सरकारने ३६,९५० कोटींच्या स्पेक्ट्रमच्या (मोबाइल लहरींच्या) थकबाकीच्या बदल्यात शेअर घेतले आणि हिस्सा ४८.९९ टक्के झाला. बीएसएनएल तर पूर्ण सरकारीच. परवाने देणारं आणि स्पेक्ट्रमचा लिलाव करणारंही सरकारच. ही गुंतागुंत खरी आहे. पण सरकारी असल्याने आपलं हित जपलं जातं, असंही नाही. बीएसएनएलने मे २०१४ पासून दहा वर्षं जिओला पायाभूत सुविधांवर वापरलेल्या जादा तंत्रज्ञानाचं बिल करारानुसार लावलंच नाही, त्यात १,७५७ कोटींचा फटका बसला, असं कॅगनेच नोंदवलं आहे. बिल न लावणाऱ्या बाबूंचं काय झालं, हा प्रश्न मला जिओच्या नफ्यापेक्षा जास्त सतावतो.

ज्यादा पैसे कापले. ट्रायला मेल केला, उत्तर नाही. (रत्नागिरी)

ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही. आधी कंपनीच्या तक्रारींसाठीच्या नंबरवर फोन करून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घ्या. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा, त्याला पैसे लागत नाहीत. ते सर्कलप्रमाणे, म्हणजे मोबाइल सेवेच्या भौगोलिक विभागाप्रमाणे, असतं: रत्नागिरी ‘महाराष्ट्र आणि गोवा’ सर्कलमध्ये येते, मुंबईत नाही, तेव्हा पत्ता बघून घ्या. तिथेही काही झालं नाही तर ग्राहक आयोग आहेच. दूरसंचार तक्रारी तिथे चालत नाहीत, असं सांगून कंपन्या पूर्वी लोकांना परत पाठवायच्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वाद मिटवला, त्या चालतात. कापलेल्या रकमेचा एसएमएस तेवढा पुसू नका.