पेरियाँचे दिवे घ्या, मूयचा राहू द्या

ग्रनोबलहून आलेल्या पत्राचा सारांश असा: नवरा-बायको दोघंही नोकरीत, शिल्लक ३१,००० युरो, चार वर्षांनी पुण्याला परतून घर घ्यायचा बेत. फ्रान्समधल्या लिव्रे आ या करमुक्त बचत खात्याचा दर २०२३ मध्ये ३ टक्के होता, ऑगस्ट २०२५ मध्ये १.७ वर आला, म्हणून त्यांचं मन तिथून उठलंय. जुन्या डिझायनर वस्तूंच्या एका डीलरने दोन गोष्टी दाखवल्या आहेत: फ्रेंच डिझायनर शार्लोत पेरियाँचे आठ वॉल लाइट, ७,२०० युरोंना, आणि फ्रेंच कारागीर सर्ज मूयचा १९५०च्या दशकातला दोन हातांचा काळा दिवा, १४,५०० ला. शिल्लक या दिव्यांत गुंतवावी का, असा त्यांचा प्रश्न. ‘चंडीगडच्या खुर्च्या बघा कुठे पोचल्या’ असंही पत्रात आहे.

चंडीगडपासूनच सुरू करतो. वास्तुविशारद पिएर झानरेने तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या त्या खुर्च्या कचेऱ्यांनीच मोडीत काढल्या. पॅरिसच्या डीलरांनी त्या लिलावात मातीमोलाने उचलल्या, दुरुस्त केल्या आणि दालनात मांडून विकल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने विक्रीला आणि परदेशी पाठवण्याला आळा घातला, तोवर बराच माल बाहेर गेला होता. म्हणजे पैसा झाला तो मोडीच्या भावात घेणाऱ्याचा. तुम्ही दालनाच्या भावात घेताय. वस्तू त्याच घराण्यातली असली तरी तुमची जागा रांगेच्या दुसऱ्या टोकाला आहे.

आता मूयच्या दिव्याचा हिशेब. समजा चार वर्षांनी तुम्ही तो पॅरिसच्या लिलावात ठेवला आणि बोली १६,००० वर थांबली. भाव चढला म्हणून तुम्ही खूश. लिलावगृहाने विकणाऱ्याकडून १२ टक्के धरले तर १,९२० गेले. फ्रान्सच्या करखात्याने दिवा संग्रहवस्तू मानला, तर ५,००० युरोंवरच्या विक्रीला ६.५ टक्के कर लागतो, तोही नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर: आणखी १,०४०. हातात उरले १३,०४०. तिकडे घेणाऱ्याने बोलीवर लिलावगृहाचा २८ टक्के प्रीमियम धरून २०,४८० मोजले! मधला फरक दोघांपैकी कुणाच्याच खिशात गेला नाही. लिलाव टाळून डीलरलाच परत विकायचं म्हटलं तर तो स्वतःचा नफा आधी बाजूला काढूनच भाव सांगेल. आणि ज्या लिव्रे आ ला तुम्ही नावं ठेवताय, तिथे ऑगस्ट २०२५ मधला १.७ हाच दर धरला तरी १४,५०० वर चार वर्षांत हजारभर युरो करमुक्त मिळतात. दर आणखी उतरला तरी मुद्दल हलत नाही.

दिवा सुंदर आहे, वाद नाही. मूय चांदीकामात तयार झालेला कारागीर. १९५३ मध्ये झाक आदने या फ्रेंच डिझायनरच्या सांगण्यावरून तो दिव्यांकडे वळला, आणि ते बारीक हात, बाहेरून काळी, आतून पांढरी टोपी पाहिली की कारागिरी कळते. पण म्हणूनच नकला भरपूर. शिवाय त्याचे दिवे आजही रीतसर नव्याने बनतात. फक्त भिंत सजवायची असेल तर नवा घ्या. जुन्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे तर त्याचं जुनेपण सिद्ध व्हायला हवं, आणि रंग नव्याने मारलेला निघाला तर ते जास्तीचे पैसेही फुकट. वायरिंग बदललेलं असेल तर मला चालतं. जुनी वायर घरात नकोच.

पेरियाँच्या दिव्यांबद्दल मी सौम्य आहे. ते फ्रेंच आल्प्समधल्या ले झार्क या हिवाळी वसाहतीतले, असं डीलर म्हणतो. पेरियाँने १९६७ पासून दोन दशकं त्या प्रकल्पावर काम केलं. तिथे फ्लॅट खूप, म्हणून घडीच्या पत्र्याचे हे छोटे दिवेही खूप, आणि फ्लॅटची डागडुजी निघाली की ते बाजारात येतात. दुर्मीळ नाहीत, याचा तुम्हाला फायदाच आहे: भाव चार ठिकाणी विचारून पडताळता येतो आणि एकेक सुटा विकता येतो. चार घ्या. ९०० प्रमाणे ३,६०० होतात, ते यंदाच्या सुट्टीच्या पैशांतून काढा, घराच्या पैशांतून नाही. (होल्डर जुना पिनवाला असेल तर आपल्याकडचाच बल्ब बसेल, पुण्यात अडचण नाही.)

पैसे देण्याआधी तपशीलवार बिल मागा. ३ मार्च १९८१ च्या फ्रेंच आदेशानुसार ग्राहकाने मागितल्यास वस्तूचं स्वरूप, मूळ आणि काळ विक्रेत्याला लिहून द्यावा लागतो. ‘पेरियाँच्या शैलीतला’ असं लिहिलं असेल तर ती हमी नव्हेच. रंग मूळ आहे की नवा, हेही त्यातच लिहून घ्या. नंतर घराच्या विम्यात नोंद करा.

शिल्लक ३१,००० ला हात लावू नका. घर चार वर्षांवर आहे, तेव्हा शेअरची जोखीम नको. पीईए हे शेअर-गुंतवणुकीचं फ्रेंच खातंही तुमच्या उपयोगाचं नाही, त्याची करसवलत पाच वर्षांनी मिळते. दोघांच्या नावे वेगळी लिव्रे आ खाती काढलीत तर एका खात्याची २२,९५० ची मर्यादा आडवी येत नाही. घराचं मुद्दल तिथेच राहू द्या, थोडं थोडं रुपयांत वळवत चला.

डीलर आठांचा संच फोडायला तयार नसेल तर नमस्कार करून निघा. चार सुटे देणारा दुसरा सापडेल.