पाच पराभव असूनही मुहम्मद अली सर्वश्रेष्ठ बॉक्सर कसा? त्याच्याआधीचा हेवीवेट विजेता रॉकी मार्सियानो तर ४९ लढतींत अजिंक्य राहिला!

नुसता आकडा पाहिला तर मार्सियानोच वरचढ. पण पराभव कोणाकडून, कधी आणि त्यानंतर काय झालं, हे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. अलीच्या ६१ लढती, ५६ विजय, त्यांतले ३७ नॉकआउट. हरला तो फ्रेझर (१९७१), नॉर्टन (१९७३), लिऑन स्पिंक्स (१९७८), होम्स (१९८०) आणि बर्बिक (१९८१) यांच्याकडून. पहिल्या तिघांना त्याने नंतर हरवलं. फ्रेझर आणि नॉर्टनला तर दोन-दोनदा. शेवटचे दोन पराभव अडतिशीनंतरचे, शरीर थकलेलं असतानाचे. होम्सविरुद्ध दहाव्या फेरीनंतर त्याच्याच प्रशिक्षकाने लढत थांबवली. त्या दोन लढती व्हायलाच नको होत्या, असं मला मनापासून वाटतं.

आणि आकड्यांत न दिसणारी गोष्ट म्हणजे त्याची हिरावलेली वर्षं. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० या काळात तो एकही लढत खेळू शकला नाही. वय पंचवीस ते अठ्ठावीस, म्हणजे बॉक्सरच्या ऐन उमेदीचा काळ! तरीही १९७४ मध्ये आफ्रिकेतल्या किन्शासात त्याने तेव्हाच्या विश्वविजेत्या फोरमनला आठव्या फेरीत आडवं केलं. फोरमन तोवर ४० लढतींत अजिंक्य होता.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: १९७६ ची नॉर्टनविरुद्धची तिसरी लढत. पंचांनी अलीला विजयी ठरवलं, पण ती नॉर्टननेच जिंकली होती असं अनेक जाणकार आजही म्हणतात.